दार पूर्ण उघडण्यापुरती जागा

ब्रिटनमधल्या मोठ्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दाराजवळच्या काही जागांवर एक चित्र रंगवलेले असते. एक मोठा माणूस आणि त्याच्यासोबत मूल किंवा बाबागाडी. लहान मुलांना घेऊन आलेल्या पालकांसाठी या जागा राखलेल्या असतात. शनिवारी सकाळी त्या भरून जातात आणि त्यातल्या एखाद्या गाडीतून एकटाच माणूस उतरतो. मागच्या सीटवर मूल नसते, कधी मुलाची खुर्चीही नसते. ‘पाच मिनिटांचेच तर काम आहे’ हे त्याचे उत्तर ठरलेले असते. लेकीकडे किंवा मुलाकडे लंडनला, लेस्टरला गेलेल्या मराठी आजी-आजोबांनाही हा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. नातवाला मागे बसवून, जागा शोधत पार्किंगमध्ये दोन-तीन चकरा मारणे म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवलेले असते.

वरवर पाहता हा वाद क्षुल्लक आहे. कोणाला दाराजवळ जागा मिळाली, कोणाला पन्नास पावले जास्त चालावे लागले, एवढेच. अनेकांचा आक्षेपही तोच असतो. मूल होणे हा आजार नाही, मग पालकांना जवळची जागा कशासाठी? आधीच्या पिढीने अशा सवलतीविनाच मुले वाढवली ना? या आक्षेपात एक मूळ गैरसमज आहे. राखीव जागेचे खरे मोल ती दाराजवळ असण्यात नसून ती रुंद असण्यात आहे. हे लक्षात आले की तिथे कोणी गाडी लावावी आणि कोणी लावू नये, याची बहुतेक उत्तरे आपोआप मिळतात.

ब्रिटनमध्ये गाडी लावण्याच्या नेहमीच्या जागेची रुंदी साधारण २.४ मीटर असते. आजच्या मध्यम आकाराच्या गाडीची रुंदी १.८ मीटरच्या आसपास. शेजारच्या दोन्ही गाड्या आपापल्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावल्या, तरी त्यांच्यामध्ये ६० सेंटिमीटरच उरतात. गाडीचे दार साधारण एक मीटर लांबीचे धरले, तर एवढ्या फटीत ते जेमतेम ३७ अंश उघडते आणि त्याच क्षणी शेजारच्या गाडीला टेकते. एकट्या माणसाला तेवढे पुरते. तो अंग चोरून, तिरका होऊन बाहेर पडतो. मात्र मागच्या सीटवरच्या खुर्चीत बांधलेल्या बाळाला काढायचे, तर दार साठ अंशांपर्यंत तरी उघडावे लागते. त्यासाठी गाडीच्या बाजूला ८५ ते ९० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. शिवाय दाराच्या आत उभे राहून, वाकून, पट्टे सोडवणाऱ्या माणसालाही जागा लागतेच. अरुंद जागेत नेमके हेच जमत नाही.

जमत नसले तरी पालक ते करतातच आणि त्याची किंमत त्यांची पाठ मोजते. वजन उचलताना पाठीवर येणाऱ्या भाराचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षितता आणि आरोग्य संस्थेने एक सूत्र तयार केले आहे. ते कारखान्यांतल्या आणि गोदामांतल्या कामगारांसाठी आहे. पण शरीराचे यंत्रशास्त्र आईबापांसाठी वेगळे नसते. या सूत्रानुसार सगळी परिस्थिती अनुकूल असेल, वजन शरीराच्या अगदी जवळ असेल, तर २३ किलो ही उचलण्याची शिफारस केलेली मर्यादा आहे. तेच वजन शरीरापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर असेल, तर मर्यादा निम्म्यावर, म्हणजे साडेअकरा किलोंवर येते. त्यातच कंबर ४५ अंश वळवावी लागली, तर ती दहा किलोंच्याही खाली जाते. एका वर्षाच्या निरोगी बाळाचे वजन नऊ ते दहा किलो असते. म्हणजे अर्धवट उघडलेल्या दारातून हात लांबवून, कंबर वळवून बाळाला बाहेर ओढणारी व्यक्ती कामगारांसाठी आखलेल्या मर्यादेच्या काठावर उभी असते. बाळ खुर्चीसकट उचलायचे असेल, तर मर्यादा ओलांडली जाते. दार पूर्ण उघडले, तर तीच व्यक्ती बाळाच्या समोर उभी राहू शकते, त्याला छातीशी घेऊ शकते. बाळाचे वजन तेवढेच, पण पाठीवरचा भार कितीतरी कमी.

नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीसाठी तर हा फरक आणखी मोठा. सिझेरियननंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, असा सल्ला दिला जातो. पोटाच्या स्नायूंना, टाक्यांना वळून-वाकून ताण देणे टाळायचे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने होतात, म्हणजे दर पाचांमागे एकीहून थोड्या अधिक. बाळाला लसीकरणासाठी घेऊन जाणाऱ्या आयांमध्ये या स्त्रियाही असतात. त्यांच्या पोटावरची जखम कपड्यांखाली असते, शेजारी गाडी लावणाऱ्याला ती दिसत नाही.

बाळ चालू लागले की पाठीची काळजी थोडी कमी होते आणि दुसरी सुरू होते. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते. उंच एसयूव्हीचे बॉनेट जवळपास तेवढेच किंवा त्याहून वर असते. दोन गाड्यांमधून बाहेर आलेले मूल चालकाला दिसतच नाही, विशेषतः गाडी रिव्हर्स घेताना. वेग ताशी पाच किलोमीटर असला तरी एवढ्या लहान देहासाठी तो धोका पुरेसा असतो. अमेरिकेत या अपघातांमुळे २००८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या गाड्यांना मागे पाहण्याचा कॅमेरा सक्तीचा झाला. कॅमेऱ्याने मदत होते, पण एक मूल कडेवर, दुसऱ्याचे बोट धरलेले, खांद्यावर पिशवी आणि पलीकडून गाडी मागे येते आहे, अशा वेळी पालकाला हवी असते ती उभे राहायला सुरक्षित जागा. गाडीच्या बाजूची मोकळी पट्टी आणि तिला जोडलेला पदपथ हे काम करतात. राखीव जागा दुकानाच्या दाराजवळ ठेवण्याचे कारणही हेच आहे. मुलाला गाड्यांच्या वाटेतून कमीत कमी चालावे लागावे.

तिसरा धोका उन्हाचा. मुलाला काढणे-बसवणे जितके कटकटीचे, तितका त्याला गाडीतच ठेवून ‘पटकन जाऊन येते’ असे म्हणण्याचा मोह वाढतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये उन्हात बंद गाड्यांच्या आतील तापमान मोजले होते. बाहेर अवघे २२ अंश सेल्सिअस असतानाही तासाभरात गाडीच्या आतले तापमान साधारण २२ अंशांनी वाढले. या वाढीतला सुमारे ८० टक्के भाग पहिल्या अर्ध्या तासातच होता. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी सुरुवातच चाळिशीपार होते. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा झपाट्याने तापते आणि पट्ट्यात बांधलेले मूल स्वतः बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे ‘दोन मिनिटे’ हा हिशेब गाडीत मूल असताना लागूच होत नाही.

इतकी कारणे असूनही ब्रिटनमध्ये पालकांच्या या जागांना कायद्याचा आधार नाही. दिव्यांगांच्या जागांचे तसे नाही. तिथे निळ्या बॅजची व्यवस्था आहे आणि बॅजचा गैरवापर केल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पालकांच्या जागा मात्र दुकानदारांनी स्वतःहून राखलेल्या असतात. खासगी जागेचा मालक अटी लावू शकतो आणि त्या मोडल्यास पैसे मागू शकतो, पण रोज कोण कोणाच्या गाडीत डोकावणार? बारा वर्षांखालील मूल सोबत असावे, अशी अट अनेक ठिकाणी असते. कागदावर ती सोपी आहे, प्रत्यक्षात सगळे माणसांच्या समजुतीवर चालते. कायदा नसला की शिष्टाचार उरतो आणि शिष्टाचार टिकायचा तर त्यामागचे कारण सर्वांना पटलेले असावे लागते.

हे कारण पटले, तर नियम फार लागत नाहीत. पहिला प्रश्न एवढाच. या खेपेला गाडीतून मूल उतरणार आहे का, आणि त्यासाठी दार पूर्ण उघडावे लागणार आहे का? मूल घरी आजीजवळ असेल आणि मागे नुसती रिकामी खुर्ची असेल, तर ती जागा त्या गाडीची नव्हे. आई सामान आणायला आत गेली आणि बाबा बाळासोबत गाडीतच बसून राहणार, तरीही नव्हे. कारण दार उघडायचेच नाही. दहा-अकरा वर्षांचे मूल स्वतः पट्टा सोडते, स्वतः दार सांभाळून उतरते. दुकानाच्या नियमात ते बसत असले, तरी बाकी जागा मोकळ्या असतील तर ही तान्ह्यासाठी सोडावी. आधार लागणारे विशेष गरजांचे मूल असेल, तर वय विचारूच नये. आणि हक्क मुलाच्या सोबत असलेल्याचा आहे, केवळ आईचा नव्हे. बाबा, आजोबा, मामा, सांभाळणारी मावशी, कोणीही असो.

गर्भवतीचे काय, हा प्रश्न नेहमी निघतो. फलकावर ‘मूल’ लिहिलेले असते आणि मूल अजून जन्मायचे असते, म्हणून काही ठिकाणी तिला नाकारले जाते. दाराचा निकष लावला, तर उत्तर स्पष्ट आहे. आठव्या-नवव्या महिन्यात साठ सेंटिमीटरच्या फटीतून उतरणे अवघड असते, पडण्याची भीती असते. तिला ती जागा मिळायलाच हवी.

दिव्यांगांच्या जागेबाबत मात्र काहीच सूट नाही. पालकांची जागा भरली म्हणून दिव्यांगांच्या जागेत गाडी लावणे, हे कितीही रडणारे बाळ सोबत असले तरी गैर आहे. पालकाला दुसरा मार्ग असतो, थोडा त्रासाचा का होईना. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला तो नसतो. रुंद जागा नसेल, तर तो गाडीतून उतरूच शकत नाही. उलट दिव्यांगांच्या जागा भरल्या असतील आणि पालकांची एखादी मोकळी असेल, तर ती दिव्यांग व्यक्तीला द्यायला कोणाची हरकत नसावी. तिलाही दार उघडायला जागाच हवी आहे.

शिष्टाचाराची दुसरी बाजू बघणाऱ्यांची. एकटा माणूस राखीव जागेत गाडी लावताना दिसला की त्याच्या अंगावर धावून जाणे, गाडीचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणे, हेही वाढले आहे. पण तो माणूस आत गेलेल्या बायकोला आणि बाळाला घ्यायला आलेला असू शकतो. त्याची अडचण बाहेरून दिसणारी नसू शकते. तक्रार करायचीच, तर ती दुकानाच्या कर्मचाऱ्याकडे करावी. नियम राखणे हे जागेच्या मालकाचे काम आहे. पार्किंगमधल्या भांडणात मुलाला कडेवर घेऊन उभे राहण्यापेक्षा दूरची जागा परवडली.

काही देशांनी ही गोष्ट शिष्टाचारावर न सोडता पुढे नेली. इटलीमध्ये गुलाबी पट्ट्यांच्या जागा पूर्वी केवळ सौजन्यापुरत्या होत्या. २०२१ मध्ये तिथल्या वाहतूक कायद्यात त्यांना स्थान मिळाले आणि गर्भवती स्त्रिया तसेच दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक यांच्यासाठी परवाना आला. दोन वर्षांची मर्यादा बोलकी आहे. ज्या वयात मूल उचलावेच लागते, तेच वय तिथे धरले गेले. दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये २००९ पासून स्त्रियांसाठी गुलाबी जागा राखल्या जात होत्या. २०२३ मध्ये त्या कुटुंबांसाठीच्या केल्या गेल्या. गर्भवती, लहान मुले सोबत असलेले आणि वृद्ध यांना त्या खुल्या झाल्या. ‘कोण’ आहे यापेक्षा ‘गरज काय’ आहे, हा निकष तिथे अधिक योग्य ठरला.

महाराष्ट्रातल्या शहरांनी यातून काय घ्यावे? काही मॉलमध्ये ‘लेडीज पार्किंग’चे फलक दिसतात, पण त्या जागा बहुधा इतरांइतक्याच अरुंद असतात. एकट्या बाबांनी तान्ह्याला आणले, तर त्यांना तिथे प्रवेश नाही. दुसरीकडे मुलांच्या खुर्च्यांचा वापर वाढणार आहे आणि वाढायलाच हवा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलासाठीची सुरक्षित आसनव्यवस्था न वापरल्यास एक हजार रुपये दंड आहे. मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची सवय मोडायची, तर त्याला मागे खुर्चीत बसवणे आणि तिथून काढणे सोपे असले पाहिजे. रस्त्यावर सुरक्षिततेची सक्ती आणि पार्किंगमध्ये दार उघडायलाही जागा नाही, ही विसंगती आहे. नवे मॉल, रुग्णालये, बालरुग्णांचे दवाखाने असलेल्या इमारती यांनी आराखड्यातच चार-सहा जागा रुंद ठेवाव्यात. त्या मुख्य दाराला चिकटून असण्याची गरज नाही. किंबहुना थोड्या बाजूला, पण पदपथाला जोडलेल्या असल्या, तर घाईतल्या एकट्या माणसाला त्यांचा मोह होणार नाही आणि निम्मी भांडणे तिथेच संपतील.

इथे एक गोष्ट विसरता येत नाही. या राज्यातली बहुतेक मुले मोटारीतून येत नाहीत, दुचाकीवरून येतात. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलांना दुचाकीवर नेताना सुरक्षापट्टा आणि हेल्मेट बंधनकारक आहे आणि वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे. ते पट्टे सोडवायलाही जागा लागते. लसीकरणाच्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या आवारातले दुचाकींचे पार्किंग पाहावे. हँडलला हँडल घासत रांगा लागलेल्या असतात. कोणीतरी मूल दुसऱ्याच्या हातात देते, दोन गाड्या सरकवते, मग आपली स्कूटर मागे ओढते. पोटुशी बाई, टाके ओले असलेली आई यांनाही तेच करावे लागते. तिथे रांगेच्या टोकाला पाच-सहा दुचाकींची सुटसुटीत जागा राखायला कोणताही कायदा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. चुन्याची एक रेघ आणि सुरक्षारक्षकाला दिलेली एक सूचना पुरते. मोटारींच्या आधी ही रेघ मारली जायला हवी.

राज्याला हे अगदीच नवे नाही. एसटी स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आले, तेव्हा प्रवासातल्या आईला चार भिंतींचा आडोसा लागतो हे मान्य झाले होते. पण कक्ष असणे आणि तो उघडा, स्वच्छ, वापरण्याजोगा असणे यात अंतर पडू शकते. राखीव पार्किंगचेही तसेच होऊ शकते. फलक लागतो, उद्घाटन होते आणि दुसऱ्या दिवशी तिथे व्यवस्थापकाची गाडी उभी असते.

जागा मिळेपर्यंत पालकांना काही गोष्टी स्वतःच करता येतात. अरुंद जागेत गाडी घालण्याआधी सोबतच्या मोठ्या माणसाने मुलासह सुरक्षित ठिकाणी उतरावे. एकटे असल्यास दाराजवळच्या गर्दीचा नाद सोडून, ज्या टोकाच्या जागेला एका बाजूने शेजारीच नाही, तिथे मुलाची बाजू मोकळी राहील अशी गाडी लावावी. चालत्या मुलाला, हात धरता येत नसेल तेव्हा ‘गाडीला हात लावून उभे राहा’ ही सवय लावावी. मुलाला कधीही, एका मिनिटासाठीही, बंद गाडीत ठेवू नये.

आणि ज्यांच्यासोबत मूल नाही, त्यांच्याकडून अपेक्षा फारच थोडी आहे. आपली गाडी पट्ट्यांच्या मध्ये लावावी, शेजारी मुलाची खुर्ची दिसली तर अर्धा फूट जास्त सोडावा आणि रंगवलेल्या चित्रावर गाडी घालण्याआधी मागच्या सीटकडे एकदा पाहावे. तिथे कोणी नसेल, तर पन्नास पावले चालून जावे. धडधाकट माणसाच्या प्रकृतीला तेवढे चालणे मानवतेच.